कॉट-मालक

पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि नवी या पेठांत आढळणारा कॉट-मालक हा घरमालक या विस्तीर्ण कुळातलाच असला, तरी त्याचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे; कारण घरमालक खोली भाड्याने देतो, तर कॉट-मालक खोलीतली केवळ एक खाट, तिच्याखाली बॅग सरकेल एवढी जमीन आणि तिच्या डोक्याशी असलेला एक खिळा भाड्याने देतो. या व्यवहाराला ‘कॉट बेसिस’ असे म्हणतात. एका खोलीत चार खाटा बसतात हे भूमितीला मान्य असते. पाचवीही बसते हे केवळ मालकाला मान्य असते, आणि आजवरचा अनुभव मालकाच्या बाजूचा आहे.

फर्ग्युसन महाविद्यालय 1885 मध्ये निघाले, 1916 मध्ये न्यू पूना कॉलेज (म्हणजे पुढचे सर परशुरामभाऊ) निघाले, 1949 मध्ये विद्यापीठ आले, आणि विद्येच्या प्रत्येक पावलामागून गावोगावच्या वळकट्या या शहरात येत राहिल्या. जुन्या काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे, म्हणजे आठवड्याच्या सात वारी सात घरी त्याचे पान वाढले जाई. कॉट-मालकाला त्या पुण्यशील यजमानांचा वारस समजण्याचा मोह होतो, परंतु तो आवरलेला बरा, कारण त्याचा खरा जन्मदाता कायदा आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, आणि पुढे त्यातल्याच एका दुरुस्तीने 1 फेब्रुवारी 1973 रोजी परवान्यावर जागा वापरणाऱ्यांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. तेव्हापासून ‘आत आलेला माणूस बाहेर जाईलच असे नाही’ ही भीती पेठांतल्या वाड्यांत पिढीजात झाली. विद्यार्थी हा मात्र जाणारा प्राणी आहे. उत्तीर्ण झाला तर नोकरीसाठी जातो, नापास झाला तर वडील घेऊन जातात. शिवाय आता ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार असतो, ज्यात राहणाऱ्याला जागा वापरण्याची निव्वळ परवानगी मिळते, हक्क मिळत नाही. आणि तो सहसा अकराच महिन्यांचा असल्याने कॉट-मालकाच्या कालगणनेत वर्षाला बारावा महिना उरलेला नाही.

कॉट-मालकाने लावलेल्या पाट्यांविषयी इतके लिहिले गेले आहे, की येथे त्यांचा विचार करण्याचे कारण नाही. त्याची खरी प्रतिभा वीजमीटरपाशी दिसते. पाणी तापवण्याची कॉइल वापरण्यास सक्त मनाई असते आणि ती प्रत्येक खाटेखाली असते, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. पूर्वी मीटरमधली चकती जोरात फिरू लागली की गुन्हा उघड होई, आता लाल दिव्याची उघडझाप मोजावी लागते. सकाळी सहा वाजता जिन्याखाली कानटोपी घालून उभा असलेला हा गृहस्थ नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्याच्या एकाग्रतेने त्या दिव्याकडे पाहतो आणि वर न जाताच हाक मारतो, “लातूर, बादली काढ!” येथे मुलांची नावे लक्षात ठेवण्याचा प्रघात नाही, जिल्हा पुरतो. मुलेही त्याला ‘काका’ म्हणतात आणि त्याचे आडनाव करारनाम्यापुरते वापरतात.

स्पर्धा परीक्षांचा विद्यार्थी आल्यापासून त्याच्या विद्वत्तेला विशेष बहर आला. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत या तिन्ही पायऱ्यांचे वेळापत्रक त्याला मुखोद्गत असते. जाहिरात निघाली की कोणत्या गावाहून किती फोन येतील, हे तो आधीच सांगतो. परीक्षा पुढे ढकलली गेली, की अभ्यासिकेत हाहाकार होतो, मेसमध्ये कुणाचा घास उतरत नाही, आणि सबंध पेठेत एकटा कॉट-मालक स्थितप्रज्ञ राहून पुढील महिन्याची पावती लिहायला घेतो. एखाद्याची पोस्ट निघाली, म्हणजे त्याची निवड झाली, की त्या क्षणापासून ‘अरे’चे ‘साहेब’ होतात, चहा मिळतो, आणि खिडकीजवळची ती खाट ‘तहसीलदारांची कॉट’ या नावाने पुढल्या उमेदवाराला थोड्या अधिक दराने दाखवली जाते. त्याच खाटेवर त्यापूर्वी झोपलेल्या आठजणांचे काय झाले, याची नोंद ठेवण्याची पद्धत नाही.

डिपॉझिट म्हणजे अनामत रक्कम, हा त्याच्या विचारविश्वातला सर्वांत गहन विषय होय. ती घेताना पूर्ण असते आणि परत देताना तिच्यात रंगकाम, बल्ब, हरवलेली किल्ली व ‘भिंतीला पडलेले तेलकट डोक्याचे डाग’ इतक्यांचा प्रवेश झालेला असतो. भिंत मात्र वर्षानुवर्षे त्याच रंगाची राहते, यावरून डागही तेच असावेत, असे अनुमान करण्यास जागा आहे.

अशा कॉट-मालकाचा मुलगा बहुधा परदेशी शिकतो. तो जर्मनीत आखेनला, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध तंत्र विद्यापीठाच्या गावी, गेला असेल, तर तिथला घरमालक रात्री दहानंतर आवाज करू देत नाही, रविवारी काचेच्या बाटल्या कचरापेटीत टाकू देत नाही, अशा तक्रारी तो फोनवर करतो. आणि वडील त्याची समजूत घालण्याऐवजी ती नियमावली छायाचित्र काढून पाठवण्यास सांगतात. जर्मन माणसाविषयीचा त्यांचा आदर अशा प्रत्येक फोनगणिक वाढत जातो. मग एके दिवशी मुलाकडून कळते, की तिथे अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही, ती वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि सोडून जाताना व्याजासकट हिशोब द्यावा लागतो. यावर काका बराच वेळ काही बोलत नाहीत. नंतर ते म्हणतात, “माणसं शिस्तीची आहेत रे, पण सरकारने बिघडवली.”