अखंड जपानी सप्ताह: तळेगावकरांसाठी सुधारित नियमावली

प्रथम पत्ता. अ‍ॅप कुठलंही असो, नाव नोंदवताना नुसतं 'तळेगाव' लिहू नये. महाराष्ट्रात तळेगावांना तोटा नाही. दाभाड्यांचं आहे, ढमढेऱ्यांचं आहे, अमरावतीकडे दशासर आहे, आणि आपल्याच वर्धा जिल्ह्यात टालाटुले कंसात घेऊन बसलेलं आणखी एक आहे. 'तळेगाव जपानी क्लास' असं शोधणारा माणूस बहुतेक पुण्याकडच्या तळेगावात जाऊन पडतो. तिथं कारखाने आहेत, चाकण जवळ आहे, जपानी साहेबांची ये-जा आहे. आपलं तळेगाव (श्यामजी पंत), तालुका आष्टी, नागपूर-अमरावती महामार्गावरचं. इथं साहेब येत नाहीत, ट्रक येतात. तरी पत्ता कंसासह लिहावा. 'विशेष चिन्हे चालणार नाहीत' असं लाल अक्षरात आलं तर श्यामजी पंतांना कंसाबाहेर घ्यावं. त्यांची हरकत असण्याचं कारण नाही.

जुन्या नियमावलीत वही, पेन्सिल आणि मास्तर एवढंच साहित्य होतं. ती आता रद्द समजावी. डुओलिंगो या अ‍ॅपवर २०१७ साली जपानी आली, तेव्हापासून सुधारणांना खंड नाही. पूर्वी धड्यांचं झाड होतं, हवी ती फांदी धरता यायची. २०२२ मध्ये ते पाडून एकच सरळ वाट आखली. पूर्वी चुकलं की पाच बदामांतला एक जायचा. २०२५ पासून त्या जागी 'एनर्जी' आली. म्हणजे पूर्वी फक्त चुकीचं भरावं लागे, आता बरोबर उत्तरालाही खर्च येतो. बरोबर उत्तरं लागोपाठ दिली तर थोडी एनर्जी परत मिळते हे खरं. पण ऐन रंगात आली असताना ती संपते, आणि मग पैसे भरा, जाहिरात पाहा किंवा थांबा असे तीन मार्ग उरतात. तळेगावकरांनी तिसरा धरावा. थांबण्याचा सराव आपल्याला बसस्थानकावर झालेला आहे.

सगळ्यात मोठी सोय म्हणजे स्ट्रीक. रोज किमान एक धडा केला की आकडा एकानं वाढतो, एक दिवस चुकला की शून्य. हे ज्यांना नवीन वाटतं त्यांनी गावातला हरिनाम सप्ताह आठवावा. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. पहारे लावलेले असतात, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्री तीनलाही कुणी ना कुणी ती घेऊन उभा असतो. स्ट्रीकही तशीच चालवावी. खातं एक, पहारेकरी चार. सकाळचा पहारा आर्वीला कॉलेजात जाणाऱ्या पोराकडे, एसटीत. दुपारचा काकूंकडे. संध्याकाळी आजी चित्रं पाहून उत्तरं देते, आणि तिची उत्तरं पोरापेक्षा जास्त बरोबर येतात, कारण ती घाई करत नाही. रात्रीचा पहारा ओलिताला गेलेल्या काकांनी घ्यावा. थ्री फेज वीज रात्रीची असेल त्या आठवड्यात अभ्यासासारखं दुसरं काम नाही: स्टार्टर दाबायचा, पाणी सोडायचं, धुऱ्यावर बसायचं आणि एक वाफा भरेपर्यंत एक धडा. साप-विंचवासाठी बॅटरी हातात असतेच.

या पद्धतीत एक बारीक त्रुटी आढळली आहे. पोराला आकडे येतात, काकूंना खाण्याचे पदार्थ, आजीला रंग आणि काकांना 'शुभ रात्री'. चौघं एकत्र बसले तर मिळून एक जपानी माणूस होतो. पण आकडा वाढता आहे आणि अ‍ॅपची तक्रार नाही, त्यामुळे ही त्रुटी पुढच्या आवृत्तीत पाहू. एखादा दिवस चुकलाच तर 'स्ट्रीक फ्रीझ' आहे, आधी घेऊन ठेवावं लागतं. वीणेला अशी सवलत नाही.

लीगबद्दल थोडक्यात. तीस अनोळखी माणसांबरोबर आठवडाभर गुणांची शर्यत असते. ब्राँझपासून डायमंडपर्यंत दहा पायऱ्या. वर चढण्याचा शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे सोपा धडा पुन्हापुन्हा करणे. 'हे पाणी आहे' हे वाक्य पुरेशा वेळा लिहिणारा माणूस डायमंडला पोचतो. आत्मविश्वास कमी पडू लागला की वानिकानी या संकेतस्थळाकडे वळावं. तिथं कांजी, म्हणजे ती चित्रलिपीतली अक्षरं, आधी 'अप्रेंटिस' असतात. चार तास, आठ तास, एक दिवस, दोन दिवस अशा अंतरानं विचारून सगळ्या वेळी बरोबर आलं की सुमारे साडेतीन दिवसांत ते अक्षर 'गुरू' होतं. आपल्याकडे गुरुजी व्हायला आधी डीएड, मग टीईटी, मग भरतीची वाट.

आता लिपी. इथं अ‍ॅपचं मुळीच ऐकू नये. हिरागाना आणि काताकाना, दोन्हींत सेहेचाळीस-सेहेचाळीस मूळ अक्षरं. ती चित्रं दाखवून, गाणं लावून, टिचक्या मारायला लावून शिकवली जातात, कारण अ‍ॅप बनवणाऱ्यानं समोर अमेरिकन विद्यार्थी धरला आहे. आपण पहिलीतली पाटी काढावी. जपानी अक्षरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ. पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटतो, कारण तो आपल्याच वर्णमालेच्या वळणानं लागला आहे. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी जपानात नेली, तिच्या अभ्यासातून ही मांडणी झाली. 'स'च्या जागी आपला 'च' आणि 'ह'च्या जागी 'प' ठेवून पाहा; जुन्या जपानीत 'ह'चा उच्चार 'प'च होता असं अभ्यासक मानतात. ज्याला 'क, च, त, न, प, म' येतं त्याला ही सोय फुकट आहे, म्हणूनच ती 'नवीन सोयी'मध्ये दिसत नाही.

व्याकरणात तर वर्धेकरांनी पुण्याच्या माणसाकडे जरा दयेनं पाहावं. क्रियापद शेवटी, विभक्ती नामाच्या मागे, प्रश्नाच्या शेवटी 'का', हे सगळ्या मराठी माणसांना सारखंच सोपं. पण चालू काळात पुणेकर 'खातो आहे' म्हणतो आणि अडकतो. आपलं पोट्टं 'खाऊन राहिलं' म्हणतं. जपानी माणूसही नेमकं तेच म्हणतो: 'ताबेते इरु', खाऊन राहणं. 'ताबेते मिरु', खाऊन पाहणं. 'मोत्ते कुरु', घेऊन येणं. 'ताबेते शिमाउ', खाऊन टाकणं. शाळेत 'करून राहिलो' म्हटलं की ज्यांच्या कानाखाली बसली आहे, त्यांनी ही चार वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर लिहावीत. अ‍ॅपवर हाच भाग इंग्रजीतून समजून घ्यायला तीन धडे, दोन सूचना आणि बरीच एनर्जी जाते. तळेगावहून आष्टीला जायला आधी न्यूयॉर्कचं तिकीट काढावं, तसा हा मार्ग आहे.

कांजी मात्र अवघड, हे मान्य. जपान सरकारच्या नेहमीच्या वापराच्या यादीत २,१३६ आहेत. लक्षात ठेवायला अ‍ॅप गोष्टी रचून देतं, पण त्या गोष्टींत बर्गर आणि बेसबॉल असतात. आपल्या आपण रचाव्यात. एक झाड म्हणजे झाड, दोन झाडं शेजारी म्हणजे राई, तीन म्हणजे जंगल. या हिशेबानं ज्याच्याकडे संत्र्याची तीनशे झाडं आहेत त्याच्यासाठी अक्षरच बनलेलं नाही. शेत म्हणजे चौकोन आणि आत अधिकचं चिन्ह: वडील गेले, चार भाऊ, चार तुकडे, सातबारा वेगळे. हे एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. आणि शेताच्या चौकोनाखाली 'बळ' हे अक्षर ठेवलं की होतो 'पुरुष'.

या अक्षरावर एका घरात धडा अडला. काकू दुपारचा पहारा देत होत्या, नुकत्याच वेचणीवरून आलेल्या, ओटीतला कापूस अजून लुगड्याला चिकटलेला. फोनवर चित्र, खाली चार पर्याय. पोरानं समजावलं, वर वावर, खाली ताकद, म्हणून माणूस.

"वावरात दिवसभर आमी वाकून राहिलो," काकू म्हणाल्या, "अन् चित्रात माणूस कायले? तो तर पारावर बसून राहिला."

त्यांनी 'स्त्री' दाबलं. लाल झालं. पुन्हा 'स्त्री' दाबलं. एनर्जी गेली. अशा वेळी करायचं ते असं: उत्तराखाली छोटा झेंडा असतो, तो दाबावा. कारणांची यादी उघडते. त्यातलं 'माझं उत्तर ग्राह्य धरायला हवं होतं' हे निवडून पाठवावं. काकूंनी ते पाठवलं आहे. उत्तर आलेलं नाही, पण त्या दिवसापासून हे अक्षर घरात कुणीही चुकलेलं नाही.

बोलण्याच्या सरावासाठी आता अ‍ॅपमधली कृत्रिम पात्रं स्वतः फोन करतात, सुट्टी कशी गेली विचारतात. हा सराव महामार्गालगत करू नये. मागून ट्रकनं हॉर्न दिला की मशीन तोच उच्चार बरोबर धरतं आणि पुढच्या धड्याला नेतं. 'सध्या बोलता येणार नाही' असंही एक बटण असतं. घरात पाहुणे असताना, मयतीच्या घरी आणि ग्रामसभेत तेच दाबावं. ज्यांना बोलायचंच नाही त्यांच्यासाठी चांगली बातमी अशी की जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत बोलण्याची परीक्षा नाही आणि लिहिण्याचीही नाही. नुसते गोळे काळे करायचे. १९८४ साली परीक्षा सुरू झाली, २०१० पासून एन-फाइव्ह ते एन-वन अशा पाच पायऱ्या आहेत. एन-फाइव्हला १८० पैकी ८० गुण लागतात, पण त्यातले किमान १९ ऐकण्याच्या ६० मधले हवेत. बाकी कितीही मिळवले आणि कान कच्चे निघाले तर नापास.

तारखा मात्र कृषी खात्याला न विचारता ठरवलेल्या आहेत. जुलैचा पहिला रविवार आणि डिसेंबरचा पहिला रविवार. जुलैत सोयाबीन-कपाशीची पेरणी उरकून डवरणी सुरू, किंवा पाऊस दगा देऊन दुबार पेरणीची चिंता. डिसेंबरमध्ये कापूस वेचायला बाई मिळत नाही, तूर उभी, आणि आंबिया बहाराच्या संत्र्याचा व्यापारी बगिच्यात उभा राहून भाव पाडत असतो. तेव्हा घरात कुणी परीक्षेला बसणार असेल तर बगिच्याचा सौदा आधीच्या आठवड्यात उरकावा. भाव कमी मिळेल. त्याला परीक्षा फी धरावी.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारणारे गावात आहेत. कारण साधं आहे. जपाननं एप्रिल २०१९ पासून 'विशिष्ट कुशल कामगार' नावाचा व्हिसा सुरू केला, जानेवारी २०२१ मध्ये भारताशी तसा करार केला. वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम आणि शेतीसुद्धा त्यात आहे. भाषेसाठी एन-फोर, नाहीतर जेएफटी-बेसिक नावाची संगणकावरची परीक्षा, २५० पैकी २०० गुण. शिवाय कामाची कौशल्य परीक्षा वेगळी. तिकडे शेतकऱ्याचं सरासरी वय पासष्टच्या पुढे गेलेलं आहे. वाकायामा आणि एहिमे या भागांत मिकान पिकतं, म्हणजे आपल्या संत्र्याचाच जपानी भाऊबंद, आणि तोडायला हात नाहीत. म्हणजे तळेगावचा पोरगा घरची गळती मोजायचं सोडून तिकडे दुसऱ्याची संत्री तोडायला जाऊ शकतो, आणि त्याला पगार मिळू शकतो, जे घरच्या बगिच्यात दरवर्षी घडतंच असं नाही. या कामी 'सगळं करून देतो, जपानी यायची गरज नाही' म्हणणारा एजंट भेटला तर त्याला त्याच्या नावाचा उच्चार जपानीत विचारावा. आणि पैसे देऊ नयेत.

लीगमध्ये फार वर चढलेल्यांनी अधूनमधून सेवाग्रामला जाऊन यावं. निचिदात्सु फुजीई हे जपानी भिक्षू १९३३ साली वर्ध्यात गांधीजींना भेटले. गांधीजी त्यांना गुरुजी म्हणत, साडेतीन दिवसांची अट न घालता. त्यांच्या पंथाचा जपानी मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला. पुढे जपान महायुद्धात उतरलं, आश्रमातल्या जपानी भिक्षूला इंग्रज सरकारनं पकडून नेलं, पण मंत्र प्रार्थनेतून निघाला नाही. आजही आश्रमाची प्रार्थना त्यानंच सुरू होते. वर्धा जिल्ह्यातली ही सगळ्यात लांब स्ट्रीक असावी, पण तिची कुठल्याच लीगमध्ये नोंद नाही. वर्ध्याला फुजीई गुरुजींच्या पंथाचा विश्वशांती स्तूपही आहे. तिथं कुणी जपानी माणूस भेटलाच तर नमस्कार करून बोलायला लागावं. तो मन लावून ऐकतो, चुकलं तरी एनर्जी कापत नाही, आणि मध्ये जाहिरात लावत नाही. मात्र या संभाषणाचे गुण मिळत नाहीत, तेव्हा आधी त्या दिवसाचा धडा उरकून घ्यावा.

शेवटची सूचना परीक्षेच्या दिवसाची. पुण्याचं केंद्र घेतलं असेल तर आदल्या रात्री महामार्गावरून ट्रॅव्हल्स धरावी, सकाळी उतरावं, पेपर द्यावा, संध्याकाळी परतीच्या गाडीत बसावं. रात्री अकराच्या सुमारास गाडी जेवायला ढाब्यावर थांबते, तेवढ्यात फोन वाजतो आणि डुओलिंगोचं हिरवं घुबड रडवेलं तोंड करून सांगतं, आज तुम्ही जपानीचा अभ्यास केलेला नाही. त्याच्याशी वाद घालू नये. जेएलपीटी वगैरे त्याला काही माहीत नसतं. शेवभाजी येईपर्यंत 'हे पाणी आहे' एकदा लिहून टाकावं.