पहिले दहा फूट

पुण्याचे दाजी डिसेंबरात सासुरवाडीला गेले ते पक्षी पाहायला. सासुरवाडी निफाड तालुक्यातली, आणि तिथून तासाभराच्या आत नांदूरमध्यमेश्वर : गोदावरी-कादवा संगमावरचा जलाशय, रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. पहाटे साडेपाचला निघायचं, उजाडता उजाडता रोहित पाहायचे आणि नऊला मिसळीवर परत, असा चोख बेत होता.

बेतात फक्त ट्रॅक्टर धरलेला नव्हता. तो फाटकात उभा होता. द्राक्षाच्या दोन ओळींमधून जाणारा तीन सिलिंडरचा छोटा डिझेल ट्रॅक्टर, मागे फवारणीचा ब्लोअर, आणि ब्लोअरच्या मागे दाजींची मोटार. ट्रॅक्टर दहा फूट पुढे सरकला की प्रवास सुरू.

मेहुण्याने किल्ली फिरवली. खर्रर्र... खर्र... टक्.

“गारठलाय,” मेहुणा म्हणाला.

ते काही खोटं नव्हतं. निफाडचा पारा कधी कधी चार अंशांच्याही खाली जातो. मणी तडकू नयेत म्हणून बागांमध्ये शेकोट्या पेटतात. ट्रॅक्टरला शेकोटी कोण देणार? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा वीसेक पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपणहून पेट घेतं. पण लोखंड गार असलं की ते ही ऊब पिऊन टाकतं, आणि बॅटरी मलूल असली की इंजिन इतकं सावकाश फिरतं की ऊब निसटून जाते. म्हणून किल्ली आधी हीटरवर दहा-पंधरा सेकंद धरायची. मेहुण्याने धरली. पुन्हा टक्.

दाजींनी मोटारीचे हेडलाइट लावून दिले. त्या उजेडाला जसे किडे यावेत तसे शेजारी आले. एक मफलर म्हणाला, बॅटरी. टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी साचली होती. चहाच्या आधणातलं गरम पाणी ओतून ती धुतली, कानस मारली, आवळली. आता स्टार्टर तडफेने फिरू लागला. इंजिन मात्र सुरू होईना.

“धूर बघा, धूर,” दुसरा मफलर म्हणाला. हे बोलणं अनुभवाचं होतं. पांढरा धूर आला तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. धूरच नाही तर डिझेलच पोचत नाही. सगळे सायलेन्सरकडे पाहू लागले. सायलेन्सरमधून काही म्हणजे काही निघालं नाही. दाजींच्या तोंडातून मात्र भरपूर वाफ येत होती.

मग फिल्टर. तळाच्या कपात चमचाभर पाणी सापडलं, तेव्हा चोर सापडल्यासारखा आनंद झाला. एअर काढायला स्क्रू ढिला केला, हातपंप मारला; आधी फेस, मग स्वच्छ डिझेल. शेवटी इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करून स्टार्टर मारला, तर तिथे थेंब नाही.

“पंप गेला,” तिसरा मफलर म्हणाला आणि सगळे गप्प झाले. मेहुणा मनातल्या मनात यंदाच्या द्राक्षाचे क्रेट मोजू लागला. ओझरला लढाऊ विमानं तयार होतात. तिकडचंच एक डोक्यावरून गडगडत गेलं. खालच्या मंडळींनी माना वर करून त्याला शिव्या दिल्या.

आठ वाजता रोजचा ड्रायव्हर सायकलवरून आला. सैल नट पाहून त्याने आधी तो आवळला, मग सीटवर चढला, अंगठ्याने डॅशबोर्डखालची एक मूठ आत ढकलली, हीटर धरला आणि किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्याला धडधडलं. फाटकभर पांढरा धूर.

“बंद करायची मूठ ओढलेलीच ठेवली व्हती ना! मंग पंप डिझेल कसं सोडल?”

मेहुण्याने दाजींकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळी बागेतून फेरी मारून आल्यावर इंजिन बंद करायचा मान पाहुण्यांना दिला होता. ‘ओढा’ असं त्यांना सांगितलं होतं. ‘परत आत ढकला’ हे सांगायचं राहिलं, कारण मेहुण्याचा स्वतःचा हात ते न विचारताच करायचा.

ट्रॅक्टर दहा फूट पुढे गेला. दाजी घाईघाईने मोटारीत बसले, दुर्बीण गळ्यात घातली आणि किल्ली फिरवली.

टक्.

अडीच तास जळून विझत आलेल्या हेडलाइटकडे ड्रायव्हरने एकदा पाहिलं आणि काही न बोलता ब्लोअर सोडून दोर आणायला गेला.