पंचवटी एक्स्प्रेस चुकवणारे अप्पा

ज्याला घाई आहे त्याने काळाराम मंदिराच्या मागच्या बोळातून जाऊ नये, असा नाशिकच्या पंचवटीत एक अलिखित नियम आहे. तिथे वाड्याच्या ओट्यावर अप्पा बसलेले असतात. अंगात बंडी, एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा कपाळावर, हातात अडकित्ता. सुपारी ते क्वचितच खातात. अडकित्ता हा बोलण्यात स्वल्पविराम घालण्यासाठी असतो. पूर्णविरामाची सोय त्यांनी ठेवलेली नाही.

असे अप्पा प्रत्येक क्षेत्राच्या गावी असतात. पैठणला असतात, वाईला असतात, पंढरपुरात तर गल्लीगणिक असतात. पण पंचवटीतल्या अप्पांनी एक पाऊल पुढे टाकलं आहे. त्यांच्याकडे बेल्जियम, चिली आणि दक्षिण कोरियाचे पाहुणे उतरतात, फुकट राहतात, आणि जाताना ज्या गाडीने जायचं ठरलेलं असतं ती सोडून दुसऱ्याच गाडीने जातात.

घराणं क्षेत्रोपाध्यांचं. पूर्वी यात्रेकरू स्टेशनात उतरला की पहिला प्रश्न यायचा, ‘कोण गाव? आडनाव काय?’ उत्तर मिळालं की माणूस त्याच्या ठरलेल्या उपाध्यांच्या वाड्यात पोचता व्हायचा. मग चार दिवस मुक्काम, रामकुंडावर स्नान, पितरांचं काय असेल ते, रामाचं दर्शन, तपोवनात फेरी आणि निघताना वहीत नाव. दक्षिणा ऐपतीप्रमाणे. पुढे धर्मशाळा झाल्या, लॉज झाले आणि शेवटी आली टेम्पो ट्रॅव्हलर. आता मंडळी सकाळी शिर्डी, संध्याकाळी त्र्यंबक आणि मधल्या दीड तासात पंचवटी उरकतात. सीतागुंफेत वाकून आत, वाकून बाहेर, पाच वडांना आकडे घातलेत ते मोजायचे, रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालायचा, की झाली यात्रा. अप्पांच्या ओट्यासमोरून ही वरात रोज जाते. ‘आले कधी न् गेले कधी,’ अप्पा म्हणतात. त्यांच्या दृष्टीने याहून मोठी शिवी नाही.

मग पुतणीने त्यांना ‘काउचसर्फिंग’बद्दल सांगितलं. अनोळखी माणसाला घरी फुकट उतरवून घ्यायचं, आपण त्याच्या गावी गेलो तर तिथलं कुणीतरी आपल्याला उतरवून घेईल. 2004 साली अमेरिकेतल्या पोरांनी हे सुरू केलं. त्याच्याही आधी, 1949 मध्ये, डेन्मार्कात ‘सर्व्हास’ नावाची संस्था निघाली होती. महायुद्धानंतर देशोदेशीच्या माणसांनी एकमेकांच्या घरी राहावं, म्हणजे पुन्हा लढाया होणार नाहीत, असा तिचा हेतू. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं (पुतणी म्हणते, मध्ये तीनदा थांबवलं) आणि म्हणाले, ‘यात त्यांनी नवीन काय केलं? माधुकरी मागणारी, वार लावून जेवणारी पोरं याच वाड्यात वाढली. सोमवारी आमच्याकडे, मंगळवारी पलीकडे. फरक एवढाच, की त्यांना कुणी स्टार द्यायला सांगितलं नव्हतं.’

तरीही अप्पांनी नाव नोंदवलं. तेव्हा आवडीनिवडी विचारल्या होत्या. अप्पांनी सांगितलं, ‘श्रवण.’ हा विनोद पंचवटीत अजून चालतो.

आता या रीतीने फिरणारा पाहुणा हा स्वतःच एक नमुना असतो. त्याला ताजमहाल बघायचा नसतो. त्याला एका गावात महिनाभर राहायचं असतं, भाजी आणायची असते, म्हाताऱ्यांशी बोलायचं असतं, वेळेची पर्वा सोडायची असते. युरोपात बसून त्याने मनाशी ठरवलेलं असतं, की आपण आता सावकाश जगायचं. आणि मग त्याची गाठ अप्पांशी पडते.

वाड्यापासून रामकुंड पायी पाच मिनिटं. अप्पांबरोबर निघालात तर स्नानाची वेळ टळून जेवणाची होते. ते दारोदार थांबतात. फुलवाल्याला त्याच्या सुनेचं बाळंतपण विचारतात, भांड्यांच्या दुकानात तांब्याच्या तपेल्यावर टिचकी मारून पाहतात आणि न घेता पुढे जातात. कपालेश्वराच्या पायऱ्यांशी आल्यावर तर ते बसतातच. इथे शंकरापुढे नंदी का नाही, ते पाहुण्याला कळलंच पाहिजे. शंकराला ब्रह्महत्येचं पातक लागलं, रामकुंडातल्या स्नानाने ते फिटेल हे नंदीने सांगितलं, म्हणून शंकराने त्याला गुरू मानलं आणि गुरूला समोर बसायला लावलं नाही. कथा दोन वाक्यांची आहे. अप्पा ती ब्रह्मदेवाच्या पाचव्या मुखापासून सुरू करतात, आणि तीही त्यांच्या इंग्रजीत: ‘शंकरा सेज, नंदी, यू आर माय सर. सर कॅनॉट सिट फ्रंट. अंडरस्टँड?’ एका फ्रेंच बाईंनी विचारलं, मग नंदी गेला कुठे? अप्पा त्यावर आणखी तासभर बोलले. उत्तर मात्र आलं नाही.

पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की पाहुण्याला घेऊन ते दुतोंड्या मारुती बघायला जातात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, ही नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. चैत्रात रथोत्सव. गरुडरथ नदीपार जातो, रामरथ पंचवटी सोडत नाही, आणि मानाचे बुवा रथाकडे तोंड करून, उलट्या पावली चालत राहतात. अप्पांच्या मते माणसाने प्रवास करायचा तो याच वेगाने. रंगपंचमीला शनी चौकातली रहाड उघडली की पाहुण्याला तिच्यात उडी मारायला लावतात. पेशवाईपासून चालत आलेला तो रंगाचा हौद. त्यातून बाहेर आलेला आयर्लंडचा पोरगा पुढे आठवडाभर गुलाबीच होता, आणि विमानतळावरच्या माणसाने पासपोर्टवरचा फोटो बराच वेळ न्याहाळला म्हणतात.

पण अप्पांचा खरा अंमल सुरू होतो तो वही निघाल्यावर. लाल बासनातली, आडवी, लांबट, कडेला वाळवीने नक्षी काढलेली. त्यात गावोगावच्या यजमानांच्या सात-सात पिढ्या. नव्या पाहुण्यांसाठी अप्पांनी त्याच थाटाची नवी वही शिवून घेतली आहे. परदेशी पाहुणा घरी उतरला तर चोवीस तासांच्या आत नोंदणीचा फॉर्म भरावा लागतो, तो पुतणी भरून टाकते. अप्पांच्या मते सरकारी फॉर्म अगदीच कच्चा आहे, त्यात माणसाबद्दल काहीच विचारत नाहीत. पासपोर्ट नंबर विचारतात, पण पणजोबा विचारत नाहीत.

मी एकदा समोरच बसलो होतो. जर्मनीचा एक उंच, शांत मुलगा मांडी घालायचा प्रयत्न करत होता. अप्पांनी टाक नव्हे, पण निदान शाईचं पेन उघडलं.

‘फादर नेम?’ सांगितलं. ‘ग्रँडफादर?’ सांगितलं. ‘हिज फादर?’

मुलगा गप्प. अप्पांनी पेन हवेत धरलं. अशा वेळी ते घाई करत नाहीत, वाट पाहतात, आणि अप्पा गप्प बसले आहेत हे दृश्यच इतकं विलक्षण असतं की समोरच्याला काहीतरी करावंसं वाटतं. त्या मुलाने खिशातून फोन काढला आणि थेट आजीला लावला. तिकडे दुपार होती, आणि फोन अचानक आलेला. आजीला वाटलं, पोराला काहीतरी झालं. मग बोलणं लांबलं. मुलगा आधी हसत होता, मग हसायचा थांबला, मग नुसता ‘या, या’ म्हणत राहिला. अखेर फोन खाली ठेवून त्याने पणजोबाचं नाव सांगितलं आणि म्हणाला, ते सुतार होते, हे मला आज कळलं. अप्पांनी ‘सुतार’ असं कंसात लिहून घेतलं. राहता राहिलं गोत्र. ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप, ही आपल्याकडची जुनी सोय. त्या वहीप्रमाणे आज निम्मा युरोप काश्यपगोत्री आहे.

हे सगळं निघायच्या आदल्या रात्री चालतं, आणि तिथेच गाडी चुकायची बीजं पेरली जातात. पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास सुटते. 1975 पासून मुंबईला नोकरीला जाणारे नाशिककर तिच्यासाठी काळोखात उठून धावत आले आहेत. अप्पांना ती गाडी म्हणजे पंचवटीच्या नावाची बदनामी वाटते. पंचवटीचं नाव लावायचं आणि एक्स्प्रेस म्हणायचं! सकाळी पाहुणा पाठीला बोचकं लावून उंबऱ्यात आला, की ‘एक टी, ओन्ली एक’ म्हणून त्याला बसवतात. चहाबरोबर नारोशंकराच्या घंटेची गोष्ट निघते. वसईच्या विजयाची ती घंटा, म्हणजे आधी वसईची मोहीम सांगणं आलं, म्हणजे चिमाजीअप्पा आले. चिमाजीअप्पा किल्ल्याच्या तटाखाली पोचेपर्यंत गाडी इगतपुरीला पोचलेली असते.

एकदा मात्र अप्पांची बोलती बंद झालेली मी पाहिली. एका अमेरिकन मुलीने आंबेडकर वाचले होते. तिने काळारामाच्या पूर्व दरवाजापाशी उभं राहून विचारलं, 1930 च्या 2 मार्चला आंबेडकरांच्या सत्याग्रहींसमोर दरवाजे बंद केले होते ते हेच का? अप्पा रामाच्या मूर्तीचा रंग, ओढेकरांनी बांधलेलं देऊळ, काळा दगड, असं सगळं सांगायच्या तयारीत होते. ते थांबले. ‘यस,’ म्हणाले. मग जरा वेळाने, ‘फाइव्ह इयर्स. दे स्टूड फाइव्ह इयर्स. अवर पीपल इनसाइड.’ अतिथी देव असतो हे वाक्य ज्या गावाने जगभर सांगितलं, त्या गावाने आपल्याच माणसांना पाच वर्षं दाराबाहेर ठेवलं, हे कुठल्या इंग्रजीत सांगणार? त्या दिवशी ती मुलगी गाडी न चुकवता गेली.

काकूंबद्दल, म्हणजे अप्पांच्या पत्नीबद्दल, आतापर्यंत लिहिलं नाही, आणि हाच पाहुण्यांचाही शिरस्ता आहे. ते आपल्या अभिप्रायात अप्पांची पानंच्या पानं स्तुती करतात आणि शेवटी ‘जेवण उत्तम’ असं लिहितात. ते जेवण आपोआप होत नाही. काकूंना इंग्रजी येत नाही आणि त्यांचं कधी अडत नाही. एकादशीला पाहुण्यापुढे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, भगर, रताळ्याचा कीस, दही असं ताट वाढतात आणि ‘आज उपास आहे’ म्हणतात. पाहुण्यांना तेव्हापासून उपासाबद्दल फार आदर वाटू लागतो. कोरियाच्या मुलीला त्यांनी थालीपीठ थापायला शिकवलं, तिने त्यांना कोबीचं तिखट लोणचं घालायला. अप्पा ओट्यावर देवाणघेवाणीवर व्याख्यान देत होते, तेव्हा देवाणघेवाण आत माजघरात चालली होती.

स्वतः अप्पा पाहुणे म्हणून एकदाच गेले. पुण्याला, एका तरुण जोडप्याच्या फ्लॅटवर. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसाठी चहा केला. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या वॉचमनला त्याचं गाव विचारलं, तिसऱ्या दिवशी त्या जोडप्याला हाताला धरून तुळशीबागेत नेलं आणि पुण्याचा इतिहास सांगितला. घरी परतल्यावर म्हणाले, ‘माणसं चांगली आहेत, पण नवी आहेत. मलाच त्यांना उतरवून घ्यावं लागलं.’

सध्या गडबड वेगळी आहे. 2027 च्या सिंहस्थाला आपण येतो असं वहीतल्या अर्ध्या काश्यपांनी कळवलं आहे. नाशिककराला सिंहस्थ म्हटलं की साधूंच्या आधी नातेवाईक आठवतात, त्यात ही भर. काकूंनी यादी पाहिली आणि काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी घरात पासपोर्ट आला, त्यांच्या एकटीच्या नावाचा. कोरियाच्या मुलीने बोलावलंय, मी जाऊन येते, तुम्ही बसा पाहुण्यांशी बोलत, असं त्यांनी भाजी निवडता निवडता सांगितलं.

अप्पा खचले, पण रीत सोडली नाही. पाहुणा जातो तर त्याची ओळख पाठवली पाहिजे. वहीतलं कोरं पान घेऊन त्यांनी काकूंची माहिती लिहायला घेतली. वडील माहीत होते, आजोबा लग्नात पाहिलेले. पणजोबांपाशी पेन अडलं. पंचक्रोशीच्या सात पिढ्या तोंडपाठ असलेल्या माणसाला चाळीस वर्षांच्या संसारात बायकोचा पणजा माहीत नव्हता. काकूंनी सांगितलं नाही. ‘शोधा,’ म्हणाल्या. शेवटी अप्पांनी सिन्नरला मेव्हण्याला फोन लावला आणि पणजोबांचं पूर्ण नाव विचारलं. तिकडे बराच वेळ शांतता. मग मेव्हणा जपून म्हणाला, ‘दाजी, जमिनीचं काही काढलंय का?’