वकील नेमका कोणाचा?

बायको पेणची, मी रोह्याचा. निवृत्तीनंतर डोंबिवली सोडून गावाकडे घर घ्यायचं, यावर आमचं एकमत होतं. गाव कोणतं, हे दिवा-रोहा गाडीवर सोपवावं, तर तीही मेली दोन्हीकडे थांबते! मग आधी वकील बघू, असं ठरलं.

वकिलांना स्वतःची जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे ते काम नातेवाईक करतात. रोह्याचे काका म्हणाले, ''आपल्या वकिलाला गाठ. खुनातला माणूस सोडवून आणलाय त्याने.'' मला घर हवं होतं, जामीन नको होता. पेणला मेहुण्याचा गणपतीचा कारखाना. त्याने एजंटचाच वकील सुचवला. ''फी नाही, भाऊजी. फुकट!'' आता वकील उपाशी तर राहत नसणार. आपण पैसे देत नसू, तर विकणारा देत असणार, एवढं तर मला डोंबिवलीतही कळतं.

''कर्ज काढतोयस ना? मग बँकेचा वकील बघतोच की सगळं,'' इति काका. बघतो, पण बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून. माझे बुडायचे ते वेगळ्या खात्यात.

आणि रायगडात जमिनीचे कागद उलटायचे म्हणजे गंमत नाही. याच जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून खोतांविरुद्ध संप केला, तोही वर्षानुवर्षं. पुढे 1948चा कुळकायदा आला. त्यामुळे सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा जो रकाना असतो, त्यात कुळापासून सोसायटीच्या बोज्यापर्यंत कोणीही ठाण मांडून बसलेलं असू शकतं. एजंट मात्र सातबारा दाखवताना नेमका तिथेच अंगठा ठेवतो. शेतजमीन असेल तर खरेदीदार मुळात शेतकरी लागतो. माझी शेती म्हणजे गॅलरीतली तुळस. ''एनए, म्हणजे बिगरशेती, होऊनच जाईल हो,'' असं पेणचा एजंट खारेपाटातल्या शेतांकडे हात करून म्हणाला. रोह्याचा एजंट कुंडलिकेच्या काठावरचं घर दाखवताना पूररेषेबद्दल चकार शब्द बोलला नाही, 'रिव्हर व्ह्यू'बद्दल मात्र अखंड बोलला.

शेवटी वकील मिळाल्या त्या एका चिडलेल्या गृहस्थांमुळे. ''त्या बाईंनी माझं चांगलं जमलेलं घर मोडलं! सारख्या कागद मागतात. फीसुद्धा आधी सांगतात, नंतर कमी करत नाहीत!'' त्यांचं बोलणं संपेपर्यंत मी वकीलबाईंचा पत्ता लिहून घेतला होता.

पेणच्या एका जुन्या घराचे कागद घेऊन आम्ही गेलो. बरोबर एजंट आणि मेहुणाही होता. बाईंनी तीस वर्षांचा शोध काढायला सांगितला, फेरफार मागितले, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची म्हणाल्या. एजंट प्रत्येक वाक्याला घड्याळ बघत होता.

''विकणारे तीन भाऊ,'' बाई म्हणाल्या. ''बहिणी किती?''

''दोन. पण त्या सासरी असतात, मॅडम. अगदी सुखात आहेत.''

''सुखात असू देत. हक्कसोडपत्र नोंदवलंय का?''

एजंटने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने पंख्याकडे. बाईंनी शांतपणे समजावलं, की 2005च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, लग्न झालं तरी. बहिणींच्या सह्यांशिवाय हे घर घ्यायचं नाही.

एवढा वेळ माझी बायको गप्प होती. बाजारात भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालणारी बाई वकिलाकडे इतकी गप्प कशी, याचं मला नवलच वाटत होतं. आता तिने खुर्ची पुढे ओढली.

''मॅडम, आमचंही पेणला एक घर आहे. माहेरचं. खाली कारखाना आहे...''

रात्री मेहुण्याचा फोन आला.

''भाऊजी, विचार केला मी. रोह्यालाच घ्या घर. आणि वकील काकांचाच करा, मोठा माणूस आहे. त्याची फी मी देतो.''