एका तासाची नोकरी

सरकारदरबारी बेरोजगार ठरणं वाटतं तितकं सोपं नाही. केंद्राच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात ‘चालू साप्ताहिक स्थिती’ नावाची मोजपट्टी आहे. मागच्या 7 दिवसांत कुठल्याही एका दिवशी 1 तास काम केलंत की तुम्ही रोजगारात. सोमवारी तासभर गोण्या उतरवल्या आणि शनिवारपर्यंत मजूर नाक्यावर ताटकळलात, तरी बेरोजगारीच्या टक्क्यात तुम्हाला जागा नाही. (हा तास दिल्लीने शोधलेला नाही, तो आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या दारातून 1982 साली आला.) शोधून शोधून कंटाळलात आणि ‘आता कामच नको’ म्हणालात, तर थेट श्रमशक्तीच्या बाहेर. तेवढाच बेरोजगारीचा दर खाली!

खरी गंमत बायकांच्या रकान्यात. नवऱ्याच्या चहाच्या टपरीवर बिनपगारी कप विसळले तर संकेतांक 21, म्हणजे रोजगार. घरी येऊन तेच हात भाकऱ्या थापू लागले की त्याला काम म्हणत नाहीत. दिवसभर नुसतं घरकाम केलं तर 92. त्यात सरपण आणलं, घरच्यांचे कपडे शिवले, तर बढती मिळून 93. दोन्ही श्रमशक्तीबाहेर. शेजारी 94 मध्ये घरभाड्यावर जगणारे मालक पाय पसरून बसलेले आहेतच.

हे घरकाम सरकारला ठाऊक नाही असं नाही. 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात 15 ते 59 वयाच्या घरकाम करणाऱ्या बायकांचं बिनपगारी घरकाम भरलं रोज 305 मिनिटं. म्हणजे पाच तासांहून जास्त. रोजगारासाठी लागतो आठवड्याला एक.