दिल्लीत राहून दगडाचं वय काढावं कसं

साहित्य: ग्रॅनाइटचा बरासा धोंडा, घण, चाळण्या, सूक्ष्मदर्शक आणि बायकामुलांची सहनशक्ती.

दिल्लीच्या रिजवरचा दगड उचलू नका. हाताशी असतो म्हणून मोह होतो. पण तो क्वार्टझाइट, म्हणजे दाबून-तापून घट्ट झालेली जुनी वाळू. त्यातला झिरकॉन हा खनिजकण, वाळू जिथून वाहत आली त्या खडकांची वयं सांगतो. नवरदेवाचं वय विचारावं आणि वऱ्हाडानं एकेक करून आपापलं सांगत बसावं, तसा प्रकार. सुट्टीत गावाहून सह्याद्रीचा बेसाल्टही आणू नका. त्यात झिरकॉन सहसा मिळतच नाही. दख्खनच्या लाव्हांच्या नेमक्या तारखांसाठी संशोधकांना दोन थरांमधल्या लाल मातीतून तो वेचावा लागला.

तेव्हा तोशाम गाठा. भिवानी जिल्हा 2013 पासून एनसीआरमध्ये आहे, त्यामुळे ‘दिल्लीतच’ म्हणायला कागदोपत्री हरकत नाही. इथला रायोलाइट आणि ग्रॅनाइट राजस्थानातल्या मालाणीच्या कुळातला. त्या कुळाचा पसारा सुमारे 50 हजार चौरस किलोमीटर. जवळच्या खानकच्या टेकड्यांची खडी होते, म्हणून परवानगी काढून क्रशरच्या आधी पोहोचा.

घरी आल्यावर धोंडा कुटा, चाळा, धुवा. चुंबकानं लोहखनिजं काढा, मग जड द्रवात टाका: क्वार्ट्‌झ तरंगतो, झिरकॉन बुडतो. उरलेले कण सुईनं एकेक वेचायचे. कण साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. शिंक आली तर आठवड्याची मेहनत गालिच्यात.

एवढा खटाटोप झिरकॉनसाठीच का? स्फटिक घडताना तो युरेनियमला आत घेतो, शिशाला जवळजवळ थारा देत नाही. पुढे सापडणारं शिसं बहुतेक त्याच्याच युरेनियमपासून झालेलं. युरेनियम-238 निम्मं व्हायला 447 कोटी वर्षं लागतात, 235 ला 70 कोटी. एकाच कणात दोन घड्याळं. दोन्ही जुळली तरच विश्वास ठेवा. बाहेरच्या शिशापासून मात्र जपा. पृथ्वीचं वय काढणारा क्लेअर पॅटरसन या उपद्रवाच्या मागे लागला आणि थेट पेट्रोलमधल्या शिशापर्यंत पोहोचला. आपल्याकडे ते पेट्रोल 2000 साली बंद झालं.

मोजणी स्वयंपाकघरात होत नाही. अरुणा असफ अली मार्गावर इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये राष्ट्रीय भूकालमापन सुविधा आहे. तिथे रीतसर अर्ज करा. आयनांचा झोत कणावर केसाहूनही बारीक खड्डा पाडतो आणि निघालेले अणू मोजले जातात.

आकडा हाती आला की अधिक-उणे लिहायला विसरू नका. मालाणीच्या एका नमुन्याचं वय 77 कोटी 10 लाख वर्षं आलं, अधिक-उणे 50 लाख. माणसाची अख्खी वंशावळ त्या अधिक-उण्यात मावते, तरी भूवैज्ञानिक याला नेमकेपणा म्हणतात.

आता खरं भांडण. सेशेल्सचे ग्रॅनाइटही साधारण 75 कोटींचे, मादागास्करमध्येही त्या काळाचे खडक; म्हणून भारत आणि हे तुकडे तेव्हा शेजारी होते असं मानतात. पण एवढा शिलारस आला कशामुळे? एक पक्ष म्हणतो, खालून उष्ण झोत आला आणि कवच फाटलं. दुसरा म्हणतो, समुद्रतळ भूखंडाखाली सरकत होता, आजच्या अँडीजसारखा. वयाचा आकडा दोघांनाही चालतो. कोणत्या बाजूला बसायचं ते प्रबंधाचे परीक्षक कोण आहेत हे कळल्यावर ठरवा.