तिसरा धडा घरी वाचून घ्या

नवी मुंबईतल्या उलव्यातल्या सातवीच्या पोराला काहीही विचारा. साडेबारा टक्क्यांचा प्लॉट म्हणजे काय, ओसी नसलेल्या इमारतीत फ्लॅट का घेऊ नये, खारकोपरहून नेरूळची लोकल कधी, सगळं फाडफाड सांगेल. टेकडी कापून आणि नदीचं पात्र वळवून विमानतळ कसा उभा राहतो, हे त्याने गॅलरीतून पाहिलंय. फक्त परवापासून त्याचा आवाज का फुटलाय, हे त्याला विचारू नका. तो विषय सिडकोच्या आराखड्यात नाही.

अमेरिकेत मात्र लोकप्रतिनिधी जागरूक. नॉर्थ डकोटाने 2023 मध्ये आणि टेनेसीने 2024 मध्ये कायदाच केला, की पोटातलं बाळ कसं वाढतं हे शाळेत दाखवायचंच. डोळ्यांसमोर होती ती गर्भपातविरोधी संस्थेने काढलेली 'बेबी ऑलिव्हिया' ही तीन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म. फिल्म सुरू होते फलनापासून. त्याआधी काय घडलं, या प्रश्नाला तीन मिनिटांत वेळ कुठला!

आपल्याकडे तीन मिनिटंही लागली नाहीत. 2007 मध्ये किशोरवयीनांच्या शिक्षणासाठी आलेल्या साहित्यातली चित्रं पाहून विधिमंडळात सर्वपक्षीय आमदार खवळले आणि सरकारने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. पाणीवाटपावर ज्यांचं जन्मात जमत नाही, त्यांचं मुलांच्या अज्ञानावर चटकन जमलं.

परंपरा जुनीच आहे म्हणा. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि या कामापायी विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी गमावली. 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, त्याबद्दल अश्लीलतेचे खटले सोसले. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. एवढा वकील देऊनही कर्वे हरले. पुढे आपण त्यांच्यावर चित्रपट काढला, टाळ्या वाजवल्या. वर्गात मात्र त्यांना अजून घेतलेलं नाही.

कोणी म्हणेल, पुस्तकात आहे की! आहेच. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात तिसरा धडा उघडा. प्रजननसंस्था आहे, मासिक पाळी आहे, टेस्ट ट्यूब बेबी आणि सरोगसीसुद्धा आहे. म्हणजे मूल प्रयोगशाळेत कसं होतं हे महाराष्ट्राला मान्य आहे. अडचण घरच्या घरी होणाऱ्या मुलांची! शिवाय हा धडा येतो दहावीत. पाळी तेवढी थांबत नाही, अनेकींना ती पाचवी-सहावीतच येते. आणि धडा आला की अनेक वर्गांत ठरलेलं वाक्य येतं, "हा घरी वाचून घ्या, आकृती तेवढी पाठ करा." घरी आई म्हणते, शाळेत विचार. मग मोबाइल दोघांचंही काम करतो, आणि तो कसलाच संकोच करत नाही. मेडिकलवाला सॅनिटरी पॅड अजून वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत देतो. या सदराचा तेवढाच थेट सामाजिक उपयोग.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतलं मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण उघड झालं. सरकार हललं, शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे झाले. कॅमेरे हवेतच. पण काय झालं ते कॅमेरा फार तर नंतर दाखवतो. आपल्या शरीराला कोणी कुठे हात लावायचा नाही, लावला तर कोणाला आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, हे मुलाला आधी ठाऊक असावं लागतं. ते शब्द शिकवायला टेंडर काढावं लागत नाही. कदाचित म्हणूनच ते राहून गेलं असावं.

अमेरिकेतले आमदार मुलांना अर्धं दाखवायची सक्ती करतात, आपले सगळंच झाकतात. दोघांनाही भीती मुलं बिघडण्याची नाहीच. मुलं पुढचा प्रश्न विचारतील, याची आहे.

तेव्हा उलवेकर पालकहो, विमानतळामुळे फ्लॅटचा भाव किती चढला हे आज बघितलं नाहीत तरी चालेल. तो तिसरा धडा तेवढा काढा आणि मुलांच्या आधी स्वतः वाचा. नापास होण्याची शक्यता आपलीच जास्त आहे.